साहेबासाठी रशियन कॉफी

मलकापूर, ता. ४ डिसेंबर १९३२, रविवार.
रशियन बाटलीची खरी किंमत लिहून ठेवतो. गार्डाला सरकीचं एक पोतं, त्याच्या मेहुण्याला नवी रजई, स्टेशनच्या बाकावर माझ्या दोन सकाळी आणि बायकोला, कोकिळेला, एक थाप : खोकल्याचं औषध आहे. मला खोकला नाही. आता आठवडाभर खोकावं लागेल.

पण सौदा स्वस्त. मुंबईच्या कापूसवाल्या कंपनीचा साहेब मागच्या फेरीत स्टेशनवर कुणाला तरी सांगत होता, मी खिडकीमागे होतो. व्होडका, काळी कॉफी, साखर, बर्फ, खूप हलवायचं. असा एक ग्लास पाजला तर मी कुठंही सही करीन, म्हणाला. शनिवारी तो खरेदीची एजन्सी द्यायला येतो आहे. मला किंवा वामनरावाला. वामनरावाचं जिनिंग मोठं, पण कान माझे. कोणत्या गाडीला काय भाव लागला, हे मी गादीवरून न उठता सांगतो. गाड्यांमागं सांडलेला कापूस वेचून इथवर आलो, ते काय उगीच?
निश्चय : मी स्वतः थेंबाला शिवणार नाही.

ता. ५, सोमवार.
कोकिळेला बिनदुधाची कॉफी सांगितली. काऊन हो, म्हैस आटली काय, म्हणाली. शेवटी दुधाचीच केली, वर जायफळ. त्यात व्होडका घातली तर सगळं फाटलं. ओतून टाकवेना. प्यालो. याला पिणं म्हणत नाहीत, ट्रायल म्हणतात.

ता. ६, मंगळवार. दुपार.
कॉफी स्वतः उकळली. ट्रायल दोन. पहिली कडू. पहिली कडू होती की जीभच कडू होती, हे बघायला दुसरी. बाजारात जायचं राहिलं. डोकं जड आहे, हवेमुळं असेल. कोकिळेसमोर चारदा खोकलो.

ता. ७, बुधवार.
भुसावळहून बर्फ आला. लाकडाच्या भुश्शात, निम्मा पाणी होऊन. उरलेला सरकीत पुरला. हलवायला भांडं काय घ्यावं? विचार करून फिरकीचा तांब्या काढला. झाकण घट्ट बसतं, प्रवासात पाणी सांडत नाही. साहेबाला असं भांडं मुंबईतही मिळणार नाही. साखरेऐवजी गुळाचा पाक, आपल्याकडचं काही पाहिजे. फेस उत्तम. ट्रायल तीन.
दुकानावर गडी भाव सांगायला आला होता म्हणे. मी झोपलो होतो.

ता. ८, गुरुवार.
ट्रायल. रिझल्ट चांगला. जास्त लिहवत नाही.

ता. ९, शुक्रवार.
बाटली हलकी लागते. व्होडका उडून जाते, हे शास्त्र आहे. उकळून गार केलेलं पाणी घालून पातळी सारखी केली. रंगात काडीचा फरक नाही. आजपासून बाजार बघणार होतो, पण अंग दुखतं. उद्या सही झाली की बघू.

ता. १०, शनिवार. दिवेलागण.
साहेब चारला आला. मी तीनलाच सगळं तांब्यात घालून, फिरकी आवळून ठेवलं होतं. त्याच्यासमोर शंभर वेळा हलवलं. तो खूष. मग फिरकी फिरवली. फिरेना. गुळाचा पाक आट्यांत बसून, बर्फानं आवळून, तांब्या आणि झाकण एकजीव. मी ओढलं, गड्यानं ओढलं, साहेबानंही हात लावून बघितला. शेवटी कोपऱ्यावरचा कल्हईवाला गफ्फार बोलावला. त्यानं अंगणातच भाता लावला. शेटजी, यात हाय काय, म्हणाला. औषध, म्हटलं. मंग बिमार बरा व्हईल तवाच हे उघडन, म्हणाला.
तांब्या तापत होता, तोवर साहेबानं सहज विचारलं, आज इथं कापसाचा भाव काय?
मी खोकलो. पुन्हा खोकलो. सोमवारपासून एक गाडी पाहिली नव्हती की एक भाव ऐकला नव्हता.
गफ्फारनं मान वर न करता भाव सांगितला. कालचाही सांगितला. माह्या भात्यापाशीच तर गाडीवाले बिडी पेटवतेत, म्हणाला. साहेबानं आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.
फिरकी सुटली. बर्फ केव्हाच गेलेला. साहेबानं गरम ग्लास पूर्ण संपवला, कॉफी छान आहे म्हणाला, रुमालानं तोंड पुसलं. कागद बॅगेतच राहिला.

ता. ११, रविवार.
सही काल साडेपाचला वामनरावाच्या जिनिंगवर झाली. त्यानं नुसता चहा दिला.
मला खरोखरचा खोकला लागला आहे, बर्फामुळं. कोकिळा म्हणाली, मंग घ्या न ते औषध, इतकं मागवलं त होतं.
बाटलीत पाणी आहे. शेवटचा थेंब मी गुरुवारी बाटली उपडी करून चाटला.