चिनूच्या स्टिकचा बाक

प्रिय सुधामावशी,

पत्रबित्र लिहिणारा मी नाही, तुला माहितेय. पण आज चिनूला नवी हॉकी स्टिक घेतली आणि तिचा बाक तुझ्या स्टिकसारखा नाही. दुसऱ्या कुणी तुझे कान भरण्याआधी म्हटलं, आपणच सांगून टाकावं!

तू गेल्यापासून तुझी लेक ग्राउंडकडे फिरकलीच नव्हती. परवा मी भटकून परत आलो, तर बॅग खाली ठेवायच्या आत म्हणते, "दादा, तुळिंजला चल. स्टिक घ्यायचीय. आईची नको मला." आईची नको!

आठवतं, एव्हरशाईनच्या घरात ओट्यावरची भांडी बाजूला सारून तू स्टिक पालथी ठेवायचीस आणि खालून काडेपेटी सरकवायचीस? "जिथे ती सगळ्यात सैल बसेल ना, तिथे बाक. दांडा तिथेच सगळ्यात जास्त वाकलेला." तुझ्या स्टिकचा अगदी मधोमध. कुणाची खालच्या टोकाजवळ वाकलेली दिसली की नाक मुरडायचीस. "साधा फटका मारला तरी बॉल उडणार. नडग्या फोडाल कुणाच्या!" आणि तोवर गॅसवरचा चहा उतू जायचा, तो मात्र दिसायचा नाही तुला!

दुकानात मी ऐटीत काडेपेटी मागितली. दुकानदाराने लायटर पुढे केला! मग समोरच्या वडापाववाल्याकडून आणली. वडे नुकतेच निघत होते, त्यामुळे जरा उशीर झाला. चिनू भडकली. असो.

मी अर्थातच मधोमध बाकाची उचलली. "हीच घे. तुझी आई..."

"आई मागे खेळायची, दादा. आलेला बॉल अडवायची. मला पुढे खेळायचंय. बॉल उचलून गोलमध्ये टाकायचाय."

"आईला नसतं आवडलं."

"मग सांग ना तिला, ये म्हणावं!"

मी उचललेली स्टिक परत ठेवली गं.

तेव्हा तुझं ते एक आठवलं. माझ्या हातात स्टिक द्यायच्या आधी तू म्हणायचीस, "वाक. खेळताना वाकशील तसा. अजून! लग्नाच्या फोटोला उभायस का?" म्हणजे तू आधी माणूस बघायचीस, स्टिक नंतर. हे कसं विसरलो मी?

"वाक," मी चिनूला म्हटलं. ती वाकली, तिथेच, बुटांच्या खोक्यांमध्ये. तुझ्यासारखी मुळीच नाही! पार खाली, डावा पाय लांब टाकून, बॉल जमिनीवरून ओढत न्यावा तशी. मी मुकाट्याने दुसरी स्टिक पालथी ठेवली. काडेपेटी खालच्या टोकाजवळ सैल बसली. तीच घेतली. रागावलीस?

घरी आल्यावर चिनूने ओटा रिकामा केला. दोन्ही स्टिक शेजारी शेजारी ठेवल्या. तुझ्या स्टिकच्या मधोमध काडेपेटी सरकवली आणि म्हणाली, "आई इथे." मग काडेपेटी तिथेच राहू दिली. चहा उतू गेला. कुणीच उठलं नाही.

माझ्या पायाला भिंगरी आहे म्हणायचीस ना? सोमवारी पुढे निघणार होतो, आता नाही निघत. चिनूचा बॉल सरळ जायला लागेपर्यंत रोज सकाळी गोलमध्ये मीच उभा राहीन. वचन. नडगी फुटली तर माझीच फुटेल, दुसऱ्या कुणाची नाही.

तुझी भिंगरी,
विकी