भरावावरची जागा

शेवगाव, १९४६

ती. शामकांतमामांस,

नमस्कार, तो रिवाज म्हणून.

वीस वर्षांपूर्वी तुम्ही मला इथे दिलीत, ती येणाऱ्या रेल्वेच्या भरवशावर. "दमू, सकाळी गाडीत बसलीस की दुपारी कोपरगावला, आईजवळ." मातीचा भराव झाला, रूळ आलेच नाहीत. त्यावर बायका गोवऱ्या थापतात. आई गेली तेव्हा मी बैलगाडीत होते.

आता माझ्या इंदूला स्थळ सुचवताना तुम्ही पुन्हा लिहिता, "त्या गावी रेल्वेचा सर्व्हे झालाय." निदान थाप तरी नवी शोधायची.

ह्यांनी होकार कळवलाय. मी कालच इंदूला बेलापूर स्टेशनवर गाडीत बसवून पुण्याला शिकायला धाडली.

हे पत्र टाकलं तर तुम्ही यायचे थांबाल, म्हणून टाकत नाही. मुलाकडच्यांना घेऊन खुशाल या. वाट बघत बसायला भरावावर जागा पुष्कळ आहे.

तुमची भाची,
दमयंती