पदरातली काकडं

कोमलताई,

सकाळी मी डोंगरातनं आनलेली शेवळांची रानभाजी तुमी घेतली अन् मला सैपाकघराच्या पायरीवरच थांबवलं. पदरात काकडाची आंबट फळं हुती. ती घातल्याबिगर शेवळांनी घसा खाजतो, सुजतो. तुमच्या सासूबाई हुत्या तवर त्या मागून घ्यायच्या. तुमी शहरातल्या, तुमाला ठावं न्हाई. सांगनार हुते, पन राग आला. फळं पदरातच घेऊन परतले.

दुपारी लोणावळ्याचा हॉटेलवाला आपल्या बचत गटाची भाजी चाखून आर्डर ठरवायला येनार. खाजू दे त्याचा घसा, म्हनलं. मग आठवलं, गटाच्या कागदावर आमच्या ठाकरवाडीच्या सात बायांची बी नावं हायेत.

चिठ्ठी येळेत पोचायची न्हाई. मीच पळत येते. आज पायरीवर थांबनार न्हाई. काकडं टोपात मीच घालनार.

कागदावरची सभासद,
संगीता