आईच्या ब्लॉगवरचा 'एक वाचक'

बाबा,

कामावर जातेय. आईची ब्लॉगची साइट आज बंद होतेय, म्हणून सगळे लेख ई-रीडरवर पुस्तक करून टाकलेत. अक्षरं मोठी केलीत, आता चष्म्याची सबब नको.

फाइल बदलताना कॉमेंट्स गळतात. मी हट्टाने ठेवल्या. प्रत्येक लेखाखाली 'एक वाचक' कुरकुरतोय, "लेखिकाबाई, चहाचं काय?" शेजारच्या खोलीतून तुम्हीच ना!

शेवटच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "आपल्या पहिल्या भाड्याच्या खोलीवर कधी लिहिणार?" आईने उत्तर दिलंय. ती गेल्यापासून तुम्ही साइट उघडलीच नाहीत.

ठकू

ता.क. उत्तर इथेच देते, तुम्ही रीडरला हात लावाल याचा भरवसा नाही: "अहो, इकडे येऊन बसा. तुम्ही सांगा, मी लिहिते."