डेबियन की मिंट, सिस्टर?

सिस्टर,

मंगळवार, दहा फेब्रुवारी, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. त्या वेळी मी आमच्या सोसायटीच्या हॉलच्या दारात उभी होते आणि माझ्या पाचही संगणकांच्या पडद्यांवर मी न निवडलेलं एक हिरवट चित्र झळकत होतं. वेळ मी तिथल्या तिथे वहीत लिहून घेतली. कुणी चुकलं की आधी घड्याळ बघायचं आणि मग तोंड उघडायचं, हे तुमचंच शिक्षण. कॉन्व्हेंट शाळेच्या फाटकात तुम्ही मनगट वर करून उभ्या असायच्यात आणि उशिरा येणाऱ्या मुलीला रागवायच्या नाहीत, फक्त मिनिटं सांगायच्यात. त्या मिनिटांची जेवढी भीती वाटायची तेवढी छडीची वाटली नसती.

तुम्ही देवाघरी गेलात तेव्हा संगणक मी वर्तमानपत्रातल्या चित्रातच पाहिला होता, म्हणून जरा मागून सांगते. सरकारी कार्यालयात स्टेनो म्हणून जन्म काढून मी निवृत्त झाले आणि जुळे सोलापुरात राहायला आले. इथे सगळे पगारदार, पेन्शनर. संध्याकाळी बाकावर बसून एकमेकांचे गुडघे ऐकायचे, हा इथला उद्योग. मला तो जमेना. एका कार्यालयाने मोडीत काढलेले पाच संगणक मी मागून आणले, हॉलच्या कोपऱ्यात मांडले आणि आसपासच्या बायकांना टायपिंग शिकवायला लागले. नऊ जणी येतात. कुणी आमच्याच इमारतींत पोळ्या लाटते, कुणी घरी विड्या वळते, एकीचं शिवणयंत्र आहे. सगळ्या दहावीच्या पुढे-मागे. शिकवते अर्थात तुमच्या पद्धतीने. बटणांवर कागदाचे चौकोन चिकटवलेले, नजर मजकुरावर, बोलणं बंद, मोबाइल दाराशी टोपलीत. तुम्ही आमच्या बोटांवर रुमाल टाकायच्यात, मी कागद चिकटवते, एवढाच काय तो फरक.

मागच्या वर्षी त्या संगणकांवरची विकतची प्रणाली जुनी झाली, नवी त्यांना पेलेना. सचिव म्हणाले, मॅडम, भंगारात देऊ. मी म्हटलं, आपण दोघंही त्याच वयाचे आहोत, सांभाळून बोला. मग मला लिनक्सचा शोध लागला. ही संगणक चालवणारी प्रणाली फुकट मिळते, आणि ती कुणा एकाच्या मालकीची नसल्यामुळे जो तो आपल्या पसंतीप्रमाणे तिची मांडणी करून जगाला वाटतो. अशा शेकडो मांडण्या आहेत. पीठ एकच, पण प्रत्येकीच्या हातची भाकरी निराळी, तसं. कुणाची जाड, कुणाची पापुद्र्याची, कुणाची कडक आणि महिनाभर टिकणारी. माणसाला वाटतं फुकट मिळालं म्हणजे प्रश्न संपला. सिस्टर, प्रश्न तिथेच सुरू होतो. विकत घेताना दुकानदार तुमच्यासाठी ठरवतो. फुकटात तुम्हाला स्वतःला ठरवावं लागतं.

तीन महिने मी ठरवत होते. पेनड्राइव्हवरून एकेक मांडणी चालवून बघायची आणि वहीत लिहायचं. आपल्या म्हाताऱ्या यंत्रांना पेलते का? हॉलमध्ये इंटरनेट नाही, तर मराठी टाइप करण्याची सोय आधीपासून आत आहे का? मध्येच वीज गेली तर पुन्हा उठताना कुरकुरते का? (ही परीक्षा मी मुद्दाम खटका बंद करून घेत होते. वॉचमनला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं.) उबुंटू देखणी, पण आमच्या यंत्रांना जड गेली. मिंट गोड स्वभावाची, सगळं हाताशी आणून देणारी. डेबियन रुक्ष, कमी बोलणारी, पण एकदा बसली की बसली. उगाच दर सहा महिन्यांनी नवं लुगडं नेसून येत नाही. मी डेबियन घेतली. माझ्यासारखीच आहे, असं एक शेजारीण म्हणाली आणि मला ते आवडलं. पाचही यंत्रांवर मी स्वतः ती बसवली आणि बायकांसाठी चाळीस धडे रचून त्यांत भरले. शेंगांच्या चटणीचा धडा, चादरीच्या घडीचा धडा, एप्रिलमधल्या उन्हाचा धडा. वाक्यं सगळी त्यांच्या ओळखीची, म्हणजे अक्षर शोधताना अर्थ शोधावा लागू नये.

ते सगळं त्या मंगळवारी पुसलं गेलं. सचिवांचे जावई टेंभुर्णीला संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतात. ते सासुरवाडीला आले होते, म्हणून त्यांना हॉलमध्ये बसवलं होतं. त्यांनी पाचही डिस्क कोऱ्या करून त्यांवर मिंट बसवली. मी विचारलं, कुणाच्या परवानगीने? तर ते खुर्चीतून न उठता म्हणाले, "मॅडम, सगळं फुकटचंच हाय की. ह्ये काय अन् त्ये काय." मी म्हटलं, फुकट तर हवाही आहे, म्हणून नाक कुठलंही चालतं का? माझ्या धड्यांचं विचारलं तेव्हा त्यांनी सासऱ्यांकडे बघितलं. सासरे म्हणाले, आम्हाला वाटलं तुमच्याकडे दुसरी प्रत असेलच. नव्हती. तुमच्या विद्यार्थिनीने, जिने आयुष्यभर प्रत्येक कागदाच्या दोन प्रती काढल्या, तिने स्वतःच्या धड्यांची एकच ठेवली होती. हे मी त्यांना सांगितलं नाही. घरी येऊन सोसायटीला दीड पानी अर्ज लिहिला, आठ दिवसांत लेखी खुलासा मागितला आणि सचिवांच्या हातात देऊन पोच घेतली.

त्या रात्रीच्या जेवणाला मी बसले तेव्हा मला तुम्ही आठवलात आणि मी ताट बाजूला सारलं. तोवर रागाने पोट भरलेलं होतं. आठवला तो तुमच्या स्वयंपाकघरातला दिवस. वऱ्हांड्यात मराठी बोलले म्हणून तुम्ही मला एकच वाक्य शंभर वेळा लिहायला लावलं होतं. शाळा सुटली, सगळ्या गेल्या, मी लिहितेच आहे. शेवटी तुम्ही मला हाताला धरून मागच्या स्वयंपाकघरात नेता. तिथे मोठ्या टेबलावर पाव कापलेला आहे. तुम्ही एक तुकडा घेता, त्याला जाड जॅम लावता आणि माझ्यासमोर ठेवता. मला जॅम आवडत नाही. गोडाने माझे दात शिवशिवतात. पण तुम्ही लावून झालेला असतो, आणि तुमचा चेहरा इतका मऊ झालेला असतो की मी सगळा संपवते. बाहेर पडताना तुम्ही सहज सांगता, जूनपासून दुपारचा टायपिंगचा वर्ग सुरू होतोय, तुझं नाव मी इंग्रजीत घातलंय.

टायपिंगच्या वर्गात दोन तऱ्हेची यंत्रं होती, सिस्टर. एक इंग्रजी, एक मराठी. मराठी यंत्रावर कापड घातलेलं असायचं आणि त्याच्या वर्गाला मोजून दोन मुली होत्या. मला ते हवं होतं. माझे वडील गिरणीत होते. त्यांना मराठी वाचता यायचं, सावकाश, ओळीखाली बोट धरून. मला त्यांना एक पत्र टाइप करून द्यायचं होतं, छापल्यासारखं, त्यांच्या नावाने सुरू होणारं. मी तुम्हाला हे सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही. इंग्रजीने मला नोकरी दिली, मानते. वडिलांनी माझ्या नेमणुकीचं पत्र उलटं धरून शेजाऱ्यांना दाखवलं, हेही त्याच इंग्रजीने दिलं. पुढे कार्यालयाचा कारभार मराठीत आला, तेव्हा मी तिशीत, संध्याकाळी, पदराखाली डबा घेऊन मराठी यंत्र शिकायला जाऊ लागले. तोवर वडील नव्हते. एवढ्या वर्षांत तुमच्यावर हा राग आहे हे मी कुणाला बोलले नाही. तुम्ही भल्या होतात, आणि भल्या माणसावर रागवायची सोय नसते.

आता बुधवारचं सांगते. दुपारी दारावर थाप पडली. माझ्या नऊ जणींतली सगळ्यात हुशार, मूळची नातेपुत्याकडची, नवरा गेल्यापासून आमच्या इमारतीत चार घरी स्वयंपाक करणारी. हाताला अजून कणीक होती. चपला बाहेर काढून ती आत आली आणि बसली नाही. मी आदल्या दिवशीचा माझा पराक्रम तिला सांगायला लागले, सचिवांना कसं झापलं, अर्ज कसा दिला. ती ऐकत होती, पदराने कणीक काढत होती. मग म्हणाली, "मॅडम, त्यांचं काय न्हाय. मीच म्हनले हुते त्यास्नी."

येत्या सोमवारी, सोळा तारखेला अकरा वाजता, तिची एका पतसंस्थेत टायपिंगची चाचणी आहे. जागा एकच. लागली तर सकाळ-संध्याकाळची चार घरं सुटतील आणि मुलीला अकरावीला घालता येईल. अर्ज द्यायला गेली तेव्हा तिने तिथला संगणक बघून घेतला होता. त्यावर मिंट होती. खाली डाव्या कोपऱ्यात गोल बटण, तिथून सगळं उघडतं. आमच्या डेबियनवर मी सगळं निराळं मांडलं होतं, मला आवडतं तसं. तिला भीती वाटली की ऐन वेळी तिथे बसल्यावर टाइप करायचं पान उघडायचं कुठून हेच सापडणार नाही. म्हणून तिने सचिवांना विनवलं, आणि सचिवांनी जावयाला बसवलं. धडे पुसले जातील हे तिला ठाऊक नव्हतं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? आवाज माझा चढलाच. ती खाली बघत म्हणाली, "भ्या वाटलं की. तुमी लई मन लावून निवडलं हुतं. वहीत काय काय लिवत हुता." आणि मग, जायला वळली असताना, पाठमोरीच, "तीन म्हैनं निवडत हुता, पर आमाला कुटं जायचंय ते तुमी कवा इचारलं न्हाय."

मी वही काढून बघितली, सिस्टर. बावीस पानं भरली होती. यंत्राला काय पेलतं, विजेला काय पेलतं, मला काय पेलतं. बायकांबद्दल एक ओळ आहे, पान नऊवर: 'बायकांना सवय होईल.'

आज गुरुवार. सकाळी मी हॉलमध्ये गेले, तर ती आधीच बसली होती, घरं उरकून. बटणांवरचे कागद तसेच होते. यंत्र पुसलं गेलं तरी ते कुणी काढले नव्हते. तिला धडा द्यावा तर धडाच नाही. मी म्हटलं, थांब, मी घरून पुस्तक आणते. ती म्हणाली, ऱ्हाऊ द्या. गोल बटण दाबलं, कोरं पान उघडलं आणि समोरच्या भिंतीकडे बघत टाइप करायला लागली. शेंगांच्या चटणीचा धडा, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. मग उन्हाचा. मग चादरीचा, त्यात माझी मूळची एक चूकही होती, तीसुद्धा जशीच्या तशी. एकदाही खाली बघितलं नाही. मी मागे उभी राहून घड्याळ बघत होते, सवयीने, पण मिनिटं सांगितली नाहीत. शेवटी मी विचारलं, किती धडे पाठ आहेत? ती म्हणाली, पहिले सव्वीस, पुढचे अर्धे-अर्धे. पोळ्या लाटताना म्हणते म्हणे. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढली आणि विचारलं, तिथे पतसंस्थेत आणखी काय काय आहे, सगळं सांग. तिने तासभर सांगितलं. त्यातलं निम्मं मला सुचलंही नसतं. तिथला कीबोर्ड उंचावर आहे, आणि खुर्ची बुटकी.

धडे न विचारता पुसले, ही चूकच आहे. सोसायटीला दिलेला अर्ज मी मागे घेणार नाही. आठ दिवस म्हणजे आठ दिवस. पण मिंट तशीच राहू देणार आहे. आणि बाकीच्या आठ जणींना एकेक करून विचारणार आहे की तुला कुठे जायचंय. त्यांतली एखादी म्हणेल, मॅडम, मला मोबाइलवरच टाइप करायचंय, मग माझ्या टोपलीचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. या वयात पद्धत बदलायची म्हणजे हाड बसवण्यासारखं आहे. रागापेक्षा हेच जास्त दुखतंय. तुमच्यासारखी व्हायचं म्हणून मी आयुष्यभर धडपडले आणि झाले, जॅमसकट.

तेव्हा माझा प्रश्न एकच आहे आणि त्याचं उत्तर मला लेखी हवं. त्या जूनमध्ये तुम्ही माझं नाव इंग्रजीत घातलंत ते माझं भलं बघून की तुमची पसंती बघून? सोमवार, सोळा फेब्रुवारी, सकाळी अकराच्या आत उत्तर मिळावं. त्या वेळी ती तिथे त्या बुटक्या खुर्चीवर बसलेली असेल, आणि मला घरात बसून कशाची तरी वाट बघायला हवीच आहे. उशीर झाला तर मी रागावणार नाही, मिनिटं सांगेन.

एक कबूल करते. हे पत्र मी हॉलमधल्या पहिल्या यंत्रावर, त्यांच्या मिंटवर टाइप केलंय, आणि हात कुठे अडला नाही. आणि लिहिलंय मराठीत, जी तुम्हाला धड वाचता यायची नाही. तुम्हाला न विचारताच ठरवलं मी ते. उत्तराची भाषा मात्र तुम्ही निवडा.