जुना संगणक सुनेच्या नावे

त्या सकाळी मी दूध तापवलं, पुढच्या खोलीतल्या कारखान्यात केर काढला, यंत्राखालचा लाकडाचा भुसा गोणीत भरला आणि संगणकाच्या पंख्यावरची धूळ ब्रशने झटकली. हे आत दाढी करत होते. चहा गाळून हाक मारली, तर ओ आली नाही. त्या सकाळपासून सुरुवात करते, कारण माझं स्वतःचं म्हणून जे काही आहे ते त्यानंतरचं आहे.

मी, वय अडुसष्ट, पायांत दोष असलेल्यांचे बूट करणाऱ्या कारागिराची विधवा, शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं वाचून शिकलेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने मला कुठलाही जुना पासवर्ड विचारावा. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव आणणाऱ्यांचा उत्साह संपून बरीच वर्षं झाली.

कलम एक. राहतं घर, वरच्या मजल्यासह, माझ्या एकुलत्या मुलाला द्यावं. बँकेतली ठेवही त्यालाच. तो चांगला मुलगा आहे. त्याच्याबद्दल पुढे आणखी लिहिलं आहे, ते वाचून त्याने रुसू नये.

कलम दोन. यांची आरी, चामडं कापायची रापी आणि हातोडी आमच्याकडे बावीस वर्षं टाके घालणाऱ्या मामांना. रापी त्यांनी यांच्या हयातीत दोनदा न विचारता घरी नेली होती. आता विचारायची गरज नाही.

कलम तीन. हे जरा लांबेल. बूट ज्यावर चढवून शिवतात तो लाकडी पाय म्हणजे फर्मा. ज्याचा एक पाय दोन बोटं आखूड आहे, त्याला दुकानातला बूट चालत नाही. त्याचा फर्मा त्याच्याच मापाने कोरावा लागतो. तो कोरणारं यंत्र यांनी हौसेने आणलं. ते बनवणारी कंपनी पुढे बंद पडली. यंत्राला संगणकाशी जोडणारं कार्ड फक्त या जुन्या संगणकात बसतं आणि त्यातल्या जुन्या सिस्टिमचंच ऐकतं. त्या सिस्टिमला तर तिच्या जन्मदात्यांनीही कधीच वाऱ्यावर सोडलं आहे.

हे गेल्यावर फर्मे मी कोरू लागले. चार वर्षांनी आमच्याकडे माणसं पाठवणाऱ्या पायांच्या दवाखान्याने मापं नव्या प्रोग्राममधून पाठवायला सुरुवात केली. प्रोग्राम माझ्या संगणकावर उघडेना. सिस्टिम फार जुनी, म्हणे.

"आई, भंगार आहे गं हे. देऊन टाक," मुलगा म्हणाला.

"आणि फर्मे काय तू दातांनी कोरणार?"

"नव्या लॅपटॉपवर उघड की प्रोग्राम."

तेही करून पाहिलं. पण तो प्रोग्राम कोरण्याचा हुकूम थेट यंत्रालाच देतो, म्हणून प्रोग्राम आणि यंत्राचं कार्ड दोघांना एकाच संगणकात नांदवणं भाग होतं. मी इंग्रजी शब्दकोश घेऊन बसले. सात महिने. जगात कुठे कुठे बसलेली, मला कधी न भेटलेली माणसं अशा जुन्या सिस्टिमसाठी कमी पडणाऱ्या फायली हौसेने लिहितात आणि फुकट वाटतात, हे वाचून कळलं. त्या फायली प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये ठेवायच्या, सिस्टिमच्या नाही, हे संगणक एकदा आडवा पडल्यावर कळलं. प्रोग्राम सुरू होताना सिस्टिमचं वय विचारतो. मी तिला वय चोरायला शिकवलं. पडद्यावर पहिला पाय उभा राहिला तेव्हा मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या. ऐकायला हे नव्हते, एवढंच. तेव्हापासून त्या प्रोग्रामच्या अकरा आवृत्त्या आल्या आणि अकराही मी चालवल्या. ही बढाई नाही असं लिहिणार होते. पण बढाईच आहे, राहू दे.

कलम चार. माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मी तीन दिवस घराबाहेर होते. परत आले तर मुलगा दारातच.

"आई, तुझा संगणक एकदम नवा करून टाकलाय!"

नवी सिस्टिम दिसायला झकास होती. यंत्र मात्र मुकं झालं होतं. एकोणीस दिवस एकही फर्मा निघाला नाही. एका शिक्षिकेचा बूट अडकला आणि ती बिचारी तितके दिवस शाळेत जाऊ शकली नाही. डिस्कची जुनी नक्कल माझ्याकडे होती, पण पुढचं सगळं मी पायरीपायरीने लिहून ठेवलेल्या वहीतून पुन्हा करावं लागलं. मला नीट दिसत नव्हतं, म्हणून वही सूनबाई वाचत होती.

"आई, इथे लिहिलंय, 'मग नेहमीप्रमाणे.' नेहमीप्रमाणे म्हणजे कसं?"

"नेहमीसारखं!"

"ते तुम्हाला माहीत. मला कोण सांगणार?"

वहीत तसं चौदा ठिकाणी निघालं. इतका कामाचा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. चौदाही जागा मी नव्याने लिहून काढल्या. मुलाला माफ केलं आहे. तरी माझ्या पश्चात त्याने त्या कीबोर्डला हात लावू नये.

कलम पाच. सबब तो संगणक, यंत्र, डिस्कच्या तीन नकला, वही आणि कपाटातले सगळे फर्मे सूनबाईच्या एकटीच्या मालकीचे. संगणकाला इंटरनेट जोडू नये. नवी आवृत्ती आधी नकलेवर लावून पाहावी. तिला हे काम नको झालं तर तिने खुशाल बंद करावं, पण आधी ज्यांचे पाय कपाटात आहेत त्यांना एकेकाला स्वतः सांगावं.

हे सर्व साक्षीदारांना वाचून दाखवलं. शेजारच्या कुलूपवाल्यांनी पेन हातात घेतलं आणि थांबले.

"वहिनी, तिने हे एकटीने कधी चालवलंय?"

"मी असताना तिला कशाला त्रास?"

"म्हणजे तुम्ही हात लावू देत नाही."

दुसऱ्या साक्षीदार, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, खाली बघून हसल्या.

"आणि तुम्ही गेल्यावर पहिल्याच दिवशी अडलं तर? वर फोन करायचा का तिने?" कुलूपवाले म्हणाले.

मी सहीच्या जागेवर बोट ठेवलं. सह्या झाल्या.

लिहून देणार: कारागिराची बायको (सही)
साक्षीदार: पायांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार: शेजारचे कुलूपवाले (सही)
ठिकाण: राहत्या घरातला कारखाना
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२४

सह्यांखालची नोंद, १८ फेब्रुवारी. आज सकाळी एका आजोबांच्या डाव्या पायाचं माप आलं. मी सूनबाईला खाली बोलावलं, माझ्या खुर्चीवर बसवलं आणि पिशवी घेऊन भाजी आणायला निघून गेले.