खेकड्याचं बीळ

बाबा, तुमचा आवाज ज्यात आहे तो जुना कॉम्प्युटर गेल्या आठवड्यात आडवा झाला. चूक माझीच. ढग गडगडले की तुम्ही धावत जाऊन मेन स्विच पाडायचात आणि चालू यंत्राची वीज अशी तोडू नका म्हणून मी तुमच्याशी भांडायचो. तुम्ही गेल्यावर तीच खोड मला लागली. चौक गावाच्या बाजूनं कडाडलं आणि मी उठून स्विच पाडला. लोकांचे सर्व्हर सांभाळून पोट भरणारा माणूस मी, पण म्हणतात ना, दिव्याखाली अंधार.

त्यानंतर यंत्र सुरू व्हायचं, पण मी केलेल्या तुमच्या गप्पांच्या रेकॉर्डिंगचं फोल्डर उघडलं की मरायचं. कर्नेल, म्हणजे आतला मुख्य कारभारीच, कोसळायचा. पडद्यावरच्या शेवटच्या ओळी मेमरीकडे बोट दाखवत होत्या, म्हणून मी मोहोपाड्याहून नवी मेमरी आणून बसवली. फरक शून्य. त्या फोल्डरची दुसरी प्रत कुठेच नव्हती. ते गेलं असतं तर तुमचा आवाज गेला असता. घरात विचारायलाही कोणी नाही. हल्ली दिवसभरात बोलणं होतं ते दूधवाल्याशी.

बसल्या बसल्या आपला लोधिवलीचा खालचा तुकडा आठवला. खाचरातलं पाणी बांधातून झिरपतंय आणि ते बाहेर येतंय तिथे मी चिखल थापतोय. तुम्ही बघताय. "पानी जितं दिसतं तितं बीळ नसतं रं. वरच्या अंगानं हात घाल, खेकडा तितं हाय." मी घाबरलो, तुम्ही हात घातलात आणि खेकडा घेऊन हसत घरी आलात. त्याचंच कालवण झालं.

म्हणून मी शेवटच्या ओळी सोडून वर वर वाचत गेलो. कोसळण्याच्या बऱ्याच आधी एक साधी तक्रार होती, फाइलसिस्टिमची. कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंदच वीज तुटताना अर्धवट राहिली होती. कारभारी ती खरी मानून भलतीकडे जायचा आणि पडायचा. आधी अख्ख्या डिस्कची नक्कल केली, मग दुरुस्ती त्या नकलेवर चालवली. फाइली परत आल्या, पण नावं पुसून नुसते आकडे उरलेले. त्यामुळे एकेक ऐकावी लागली.

भातलावणी, रसायनीतल्या कारखान्यातल्या पाळ्या, आईला मारलेले टोमणे, सगळं आहे. एका फाइलीत मात्र मी रेकॉर्डिंग बंद करायला विसरलोय. तुम्ही उठून बाहेर गेलायत आणि अंगणातून हाक येते, "ये रं जरा, बांध फुटलाय, एकट्याला नाय जमत." त्यावर माझा आवाज, अगदी जवळून, वैतागलेला. "काम चालू हाय बाबा. नंतर बगतो." मग बराच वेळ नुसता कीबोर्ड वाजतो. मी आलो नव्हतो हे मी पार विसरून गेलो होतो. तो बांध तुम्ही एकट्यानं घातलात.

माझं उत्तर कापून टाकता आलं असतं. ठेवलंय. आता तीन ठिकाणी प्रती आहेत. हे पत्र पाठवणार कुठे, म्हणून तेही त्याच फोल्डरमध्ये ठेवतोय. आज दुपारी ती हाक पुन्हा लावली आणि "आलो बाबा" म्हणत मी खरंच पायरीपर्यंत गेलो.